अंबिलीचं मडकं

आज येळवस, मार्गशीर्ष अमावस्येचा आमचा शेतातला सण. शेतात मडक्यावरचं फडकं काढलं, अंबिलीचा ताकाचा-लसणाचा आंबट वास आला आणि पुण्यातली ती सव्वीस जानेवारी आठवली. दर येळवशीला आठवते.

आमच्या सोसायटीत त्या दिवशी प्रत्येक राज्याच्या जेवणाचं वेगळं टेबल होतं. पंजाबचं, बंगालचं, केरळचं. मी पहाटे उठून मडकंभर अंबील केली होती. चेअरमनबाईंनी झाकण उचलून विचारलं, "हे कुठल्या राज्याचं?"

"आपल्याच. आमी उमरग्याचे."

"महाराष्ट्राच्या टेबलावर पुरणपोळी आहे हो," म्हणत त्यांनी नाकाला पदर लावला आणि मडकं चपलांच्या रॅकपाशी ठेवायला लावलं. मग माईक घेऊन म्हणाल्या, "आपल्या सोसायटीत अख्खा भारत नांदतो." सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा राग अजून हातात आहे.

आता गावीच असते. आमचं शेत हैदराबादच्या रस्त्याला लागून आहे. येळवशीला वाटसरूलाही हाक मारून जेवायला बसवायचं, आणि बसलेल्यानं वाढलेलं नको म्हणायचं नाही, अशी आमच्याकडं रीत. प्रत्येक गाडीला मी हात करते आणि आत कोण आहे ते निरखून बघते.

"कुणाची वाट बघायलीस गं?" सासूबाई विचारतात.

"एक पाव्हणी यायची हाय."

येतील कधीतरी. त्यांना मडक्याला खेटून बसवीन, आणि 'पुरे, पुरे' म्हणाल्या तरी तांब्या खाली ठेवणार नाही.