कातरलेला कळप आणि गारांची दुपार

चूक माझी होती, हे आधी लिहून टाकते. मग पुढचं सांगायला सोपं जाईल. असं काही मी यापूर्वी कधी लिहिलेलं नाही. जे घडलं त्याला अनुभव म्हणावं की योगायोग, यावर वसतिगृहातल्या माझ्या खोलीतल्या मैत्रिणीशी माझा अजून वाद होतो. ती म्हणते तसंही असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्या दुपारी माझ्या मनात जे बसलं ते नंतर हललेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव फुलंब्री तालुक्यात. घरात मेंढरं आहेत, पणज्यापासून तोच धंदा, आणि कॉलेजात गेलेली घरातली पहिली मी. छत्रपती संभाजीनगरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा आणि माय दिवाळी झाली की कळप घेऊन निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर घरी येतात. पीक निघालेल्या रानात शेतकरी बोलावतो, चार-आठ दिवस मेंढ्या तिथं बसतात, त्याच्या जमिनीला लेंडीखत मिळतं, मग आम्ही पुढच्या रानात. गेल्या फाल्गुनात आमचं पाल देवगाव रंगारीच्या अलीकडे, हरभरा निघालेल्या एका शेतात पडलं होतं. होळीची सुट्टी होती म्हणून मीही तिकडंच गेले.

दादांचा एक नेम होता. पाडवा झाल्याशिवाय लोकर कातरायची नाही. फाल्गुनातल्या आभाळाचा भरवसा नसतो आणि कातरलेल्या मेंढीला थंडी सोसत नाही, ती अंगावर लोकर असलेल्या मेंढीपेक्षा फार लवकर गारठते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मायचा खांदा हिवाळ्यापासून धरला होता. कातरताना मेंढीचे पाय धरायला दुसरं माणूस लागतं, आणि पाडव्याच्या सुमारास माझी प्रात्यक्षिकं होती. मी दादांच्या मागे लागले. मोबाईल काढून आठ दिवसांचं हवामान दाखवलं. सगळीकडे पिवळा सूर्य.

"ह्याच्यात ढग नाय का दिसत?" दादांनी विचारलं.

"असते तर दिसले असते. तुमी उगं घाबरता."

माय चुलीपाशी होती. "आवं, कातरा. पोरगी शिकलेली हाये. आभाळ तिला इचारून भरून येतंय आता," ती म्हणाली. तो टोमणा होता, पण मी तो होकार धरला. दादा हसले आणि त्यांनी कातर काढली. आमच्याकडे पहिल्या मेंढीच्या लोकरीचा झुपका खंडोबाच्या टाकापुढे ठेवतात, भंडारा वाहतात. दादांनी ते केलं. मी मात्र तेव्हा मोबाईलवर बोलत होते. खरं सांगायचं तर कॉलेजात गेल्यापासून मला या गोष्टींचा थोडा संकोच वाटू लागला होता. देव आहे की नाही असा मोठा प्रश्न मला कधी पडला नाही. तो आमच्या मेंढरांकडे लक्ष ठेवून असेल, एवढंच खरं वाटेनासं झालं होतं.

तीन दिवसांत बासष्ट मेंढ्या कातरून झाल्या. वरची अकरा कोकरं लहान होती, त्यांना हात लावला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी तीनच्या पुढे मावळतीकडून आभाळ काळंनिळं झालं. वारा आधी पडला, इतका की दूरच्या रस्त्यावरच्या गाडीचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. मग एकदम सुटला. पाल खुंट्यांसकट उडून बांधावरच्या बाभळीत अडकलं. पहिल्या गारा सुपारीएवढ्या होत्या. मागच्या लिंबाएवढ्या, आणि त्या आडव्या येत होत्या. मायनं टोपल्याखाली दोन कोकरं घेतली आणि स्वतः त्यावर ओणवी झाली. मेंढ्यांनी एकमेकींच्या पोटाखाली डोकी घातली. त्यांची कातरलेली, गुलाबी पाठ उघडी होती. गार आपटली की तिथं टपकन आवाज येई आणि अंग थरथरे. तो आवाज लोकर असती तर आला नसता.

मावळतीला, हाकेच्या अंतरावर, शेतकऱ्याच्या विहिरीजवळ आंब्याची चार दाट झाडं होती. मी ओरडले, "दादा, आंब्याखाली नेऊ." दादांनाही तेच वाटलं होतं. आम्ही दोघं दोन बाजूंनी कळप वळवायला लागलो. मेंढ्या वळेनात. समोरून वारा आणि गारा, त्या चार पावलं जायच्या आणि गर्रकन पाठ फिरवून उलट्या पळायच्या. मी काठीनं मारलं. हो, मारलं. आयुष्यात पहिल्यांदा कातरलेल्या मेंढीच्या पाठीवर काठी मारली. मी रडत होते आणि मारत होते, कारण आंबा समोर दिसत होता आणि चूक माझी होती, आणि तेवढं अंतर तोडलं की ती भरून निघेल असं मला वाटत होतं. तेवढ्यात एक मेंढी खाली बसली. मग दुसरी. बसलेली मेंढी गारठ्यात पुन्हा उठत नाही, हे घरातलं लहान पोरही सांगेल.

दादा थांबले. कमरेच्या बटव्यातून त्यांनी भंडाऱ्याची चिमूट काढली. ती उधळायच्या आधीच ओली होऊन बोटांना चिकटली, तीच त्यांनी पुढच्या मेंढीच्या कपाळाला लावली.  मग मला म्हणाले, "सोड."

"दादा, आंबा..."

"सोड म्हणलं ना पोरी. जाऊ दे त्याहीला. कुठं जायाचं त्ये जातीन."

मी काठी खाली केली. ते कसं वाटलं ते मला नीट लिहिता येत नाही. हात रिकामे पडले आणि भीती गेली, असं झालं. बसलेल्या दोघींना दादांनी शेपटीला धरून उठवलं. कळपानं वाऱ्याकडे पाठ केली आणि तो उगवतीकडे चालू लागला. तिकडं आमच्या माहितीत काहीच नव्हतं, नुसती उघडी रानं. मायनं कोकरांचं टोपलं डोक्यावर घेतलं, उरलेल्यांतली चार लहानगी मी आणि दादांनी काखेत धरली, बाकीची आपापल्या आयांच्या पोटाशी चालली, आणि आम्ही मागून चाललो. एक ओढा उतरलो. पलीकडे तारेचं कुंपण लागलं, त्याच्या कडेकडेनं कळप सरकत गेला, आणि कुंपण संपलं तिथं लांबलचक पत्र्याची शेड होती. कोंबड्यांची. दार अर्धं उघडं होतं. दारात एक दाढीवाले चाचा कपाळावर हात धरून रस्त्याकडे बघत होते. ते वेगळ्याच कशाची तरी वाट बघत होते आणि आलो आम्ही.

"अंदर लेव," ते म्हणाले. आम्ही काही विचारायच्या आधीच म्हणाले. दादा घुटमळले. कोंबड्यांच्या शेडमध्ये परकं जनावर घेत नाहीत, रोगराईचं भय असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"चाचा, तुमची शेड खराब व्हईल."

"अरे वो शेड हैच खराब होने के वास्ते. मेंढ्या मर जाते ना. सोचते क्या, लेव अंदर."

आत गेले आणि मी जागीच उभी राहिले. खाली भाताचा तूस वीतभर पसरलेला होता, कोरडा, नवा. वाऱ्याच्या बाजूला गोणपाटाचे पडदे सोडलेले. आणि मध्ये रांगेनं कोळशाच्या शेगड्या, त्यातल्या चार पेटलेल्या. त्या दिवशी सकाळी चाचांकडे एक दिवसाची पिल्लं यायची होती. पिल्लांना पहिले काही दिवस ऊब लागते, म्हणून शेड आदल्या दिवसापासून गरम करत आणली होती. पिल्लांची गाडी घाटात अडकली होती. लाईट गेलेली होती, पण शेगड्यांना लाईट लागत नव्हती. कोपऱ्यात पातेलंभर गुळाचं कोमट पाणी होतं, तेही पिल्लांसाठीच, प्रवासानं थकून येतात म्हणून. चाचांनी उरलेल्या शेगड्या पेटवल्या आणि पातेलं मायकडे सरकवलं.

"पाच हजार मेहमान बुलाया था मैं," ते म्हणाले, "खाना बना के रखा, और आये कौन, तुम्हारे ये टकले."

माय गारठून निळी पडली होती, तरी हसली. "टकले केले आमच्या शिकलेल्या लेकीनं," ती म्हणाली.

पुढचे दोन तास आम्ही चौघं खपत होतो. गोणपाट फाडून मेंढ्यांची अंगं चोळत होतो, कोकरांच्या तोंडात चमच्यानं गुळपाणी घालत होतो. तीन मेंढ्या आणि चार कोकरं गेली. बाकीच्या संध्याकाळपर्यंत रवंथ करायला लागल्या. मेंढी रवंथ करायला लागली म्हणजे ती राहिली.

दुसऱ्या दिवशी उजेडात रान पाहिलं. सावलीत अजून गारांचे पांढरे ढीग होते. उभा गहू झोपला होता, कांद्याचे गोंडे मोडून पडले होते. मी ओढा ओलांडून आंब्याकडे गेले. चारांपैकी दोन झाडं मुळासकट उपटून विहिरीच्या अंगाला आडवी पडली होती, अगदी जिथं मी कळप उभा करणार होते तिथं. खाली पोपट आणि बगळे मरून पडले होते.  मग परत येऊन दादांना म्हणाले, चूक माझी होती.

दादा शेडमधला तूस पाटीत भरत होते. "कातर कोणाच्या हातात व्हती?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या."

"मग?" एवढंच म्हणाले आणि पाटी माझ्या डोक्यावर दिली.

ती शेड पुन्हा स्वच्छ करायला आम्हाला चार दिवस लागले. सगळा तूस काढला, जमीन धुतली, चुना मारला. चाचांची पिल्लं दुसऱ्याच्या शेडवर गेली आणि नव्या पिल्लांसाठी त्यांची पाळी पुढं ढकलली गेली. त्यांनी त्याबद्दल एकदाही तोंड वाकडं केलं नाही. निघताना माय त्यांच्या पाया पडायला गेली तर मागं सरकले आणि म्हणाले, "मेरे कू नक्को. जिसने गाडी अटकाया ना, उसके पड."

वाटेत मी दादांना विचारलं, तिकडं शेड आहे हे तुम्हाला माहीत होतं का. ते म्हणाले, "नाय. माझं चाललं तवर मी काठी धरली. म्होरं त्याचं व्हतं."

मेंढी वादळात वाऱ्याकडे पाठ करते, त्यात नवल नाही. घाटात गाड्या नेहमीच अडकतात. मैत्रीण हेच सांगते आणि तिचं एकही वाक्य मला खोडता येत नाही. मी खोडायचा प्रयत्नही सोडला आहे. सात जीव गेले, ते आमच्या घरात मोजले जातात आणि पुढंही जातील. पण प्रात्यक्षिकांच्या आधी एका रविवारी मी साताऱ्याच्या खंडोबाला गेले, संभाजीनगरजवळच्याच सातारा गावातल्या, आणि हात जोडल्यावर माझ्या लक्षात आलं की मला मागायचं काहीच नाही. नुसतं सांगायचं होतं. आम्ही वळवत होतो तोवर तू वाट पाहिलीस, आणि आम्ही सोडलं तेव्हा पुढं होऊन दार उघडलंस. त्या दिवशी आम्ही कळपाला कुठं नेलं नाही. आम्ही त्याच्या मागून चालत गेलो, आणि पोचलो.