झेड नऊ
तर्रीचा वास आला की वर्ध्याच्या आमच्या जुन्या ऑफिसातला एक शनिवार आठवतो. खाली टायरचं दुकान, वर आम्ही सहा जण, दवाखान्यांची सॉफ्टवेअरं लिहिणारे. दर शनिवारी तर्री-पोहे यायचे आणि आठवड्यातली सगळ्यात किचकट क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायचा कोड, कॉम्प्युटरच्या नोंदीत ज्याच्या नावावर असेल, त्याने ती उभं राहून मोठ्याने वाचायची. हा नियम मीच काढला होता. त्या शनिवारी नाव निघालं चाळिशीतल्या नव्या बाईंचं. डेटाबेसमधून आजच्या पेशंटची यादी काढायची, एवढंच काम, आणि त्याला चाळीस ओळी. त्या वाचू लागल्या, पोरं पोह्यांच्या बशा धरून हसू लागली. "मॅडम, जोरात वाचा, मांगच्यायले ऐकू नाई येऊन राह्यलं," मी म्हणालो. तिसऱ्या ओळीत माहितीच्या एका तक्त्याला दिलेलं 'झेड नऊ' हे नाव आलं आणि माझा घास तोंडातच राहिला. असली नावं ऑफिसात फक्त मी द्यायचो. क्वेरी माझी होती. बाईंनी ती फाइल नुसती दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली, म्हणून नोंदीत त्यांचं नाव लागलं होतं. त्या थांबल्या, माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "सर, समोरच्या ओळी मी वाचू, का तुमी वाचता?" मी पोह्यांवर लिंबू पिळलं. "वाचा," मी म्हणालो. त्यांनी चाळीसही ओळी वाचल्या. आता मी नव्या पोरांना सुटसुटीत क्वेरी लिहायला शिकवतो, आणि कशी लिहू नये ते सांगताना अजून तीच दाखवतो, वर बाईंचं नाव तसंच ठेवून.