तितरांचा पत्ता

आमच्या घरात अंगाईगीतांऐवजी पत्रकं होती. वडील सतत कुठल्या ना कुठल्या मोर्चाच्या तयारीत असायचे आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवायचे. कागदाची एक बाजू माझी आणि दुसरी अन्यायाची, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. नववीत असताना शाळेतल्या पिण्याच्या पाण्यावर मी स्वतःचं पहिलं पत्रक काढलं आणि दोन दिवसांत टाकी धुतली गेली. त्यानंतर जगातली कुठलीही टाकी पत्रकाने धुता येते, असं मी धरून चालले.

दोन वर्षांपूर्वी होळीच्या सुमारास मी राहुरीजवळ मामाच्या वस्तीवर राहायला गेले. शांततेत पुस्तक लिहायचं होतं. आसपासच्या रानांतली ज्वारी उपटून झाली होती, कडब्याच्या गंजीही लागल्या होत्या. मामाच्या रानात मात्र उसाला लागून ज्वारीच्या बारा ओळी तशाच उभ्या होत्या. येणारा-जाणारा टोमणा मारायचा, "काय ओ, ज्वारी म्हातारी करायची हाय का?" मामा म्हणायचा, "माणसं मिळंनात."

मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा एका सकाळी त्याने मला बांधावर नेऊन बसवलं. बोलायचं नाही, खोकायचं नाही. थोड्या वेळाने ज्वारीतून एक तितरी बाहेर आली आणि तिच्यामागे मुठीएवढी सहा पिलं. माती उकरत, एकमेकांना ढकलत ती ओळीच्या कडेने चालली होती.

"आत्ता कुठं जरा उडाया लागलीत," मामा कुजबुजला. "आनखी पंधरा दिस ग्येलं की उपटू. पर कुनाला बोलू नगंस."

हा मला विनय वाटला. आमच्या घरात गप्प बसण्याची दोनच कारणं माहीत होती, भीती आणि विनय. मामा भित्रा नव्हता.

त्याच दुपारी पुस्तक बाजूला ठेवून मी पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘बारा ओळींचं अभयारण्य’. शिकारीच्या हौसेवर मी आसूड ओढले आणि वन्यजीव कायद्याचा धाक घातला. पण नुसत्या तत्त्वांनी लोक हलत नाहीत, तपशील लागतो, हे मी वडिलांकडून शिकले होते. म्हणून तपशील दिला. कालव्याच्या दुसऱ्या मोरीपासून डावीकडे, बाभळींच्या बांधाला लागून, उसाच्या शेजारी. ऊन वर आलं की आई पिलांना घेऊन पूर्वेच्या कडेला येते, हेही लिहिलं. ते वाक्य लिहिताना माझे डोळे भरून आले होते.

झेरॉक्सच्या दुकानातून प्रती काढून आठवड्याच्या बाजारात वाटल्या. बहुतेकांनी त्यावर भजी ठेवली. एका धिप्पाड गृहस्थाने मात्र उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं, आणखी एक प्रत मित्रासाठी मागून घेतली आणि दोन्ही नीट घडी घालून खिशात ठेवल्या. माझं पत्रक घडी घालून ठेवणारा हा माझा पहिला वाचक. रात्री मी वडिलांना फोन करून त्याचं वर्णन सांगितलं.

रविवारी सकाळी माझे ते वाचक वस्तीवर आले. सोबत दोन माणसं आणि चार कुत्री. आजूबाजूचे लोक त्यांना पैलवान म्हणत.

"राम राम ताई," ते म्हणाले. "मोरी लगीच घावली."

तितर लांब उडत नाही. दोन-तीन झेपा घेतल्या की दमतो, मग आडोशाला दडून बसतो आणि कुत्रं त्याला नुसतं उचलून आणतं. भोवतीचं सगळं रान उघडं पडलं होतं. आडोसा म्हणजे त्या बारा ओळी आणि पलीकडचा ऊस. मी कुत्र्यांच्या समोर हात पसरून उभी राहिले आणि कायदा सांगू लागले. पैलवानांनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं.

"कायदा आमाला म्हाईत हाय, ताई," ते म्हणाले. "पत्ता न्हवता."

"मी वनखात्याला फोन लावते!"

"लावा की. दुपारपत्तूर येत्याल."

तेवढ्यात मामा गोफण घेऊन घरातून आला. ज्वारीवरची पाखरं हाकलायची ती गोफण. त्याने पैलवानांच्या हातातला कागद घेतला, वाचला, परत दिला. माझ्याकडे एकदा बघितलं. ते बघणं मला अजून विसरता आलेलं नाही.

"बये, भाषान मागनं कर," तो म्हणाला. "ह्या अंगानं आत घूस आन् वरड. पाखरं उसात ग्येली पायजेत. उसात कुत्री जात न्हाईत."

"काय ओरडू?"

"येतं त्ये वरड!"

मला येत होतं ते एकच. मी ज्वारीत घुसले आणि सगळी ताकद लावून ओरडले, "कोण म्हणतं देणार नाही, घेतल्याशिवाय राहणार नाही!"

बांधावरून पैलवानांचे दोघे सोबती खो खो हसले. घोषणा कुणाच्या बाजूची आहे, हे पुढच्या चार ढांगांत माझ्याही लक्षात आलं. पण दुसरी आठवेना. पानं तोंडावर सपासप लागत होती. मामाच्या गोफणीचे दगड माझ्या डावीकडे पडत होते, कुत्री उजवीकडून शिरली होती. मग फडफड झाली. तितरी उठली, तिच्यामागे पिलं. मी मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच उसात पडली.

सहावं कुत्र्याच्या तोंडात होतं.

पैलवानांनी ते सोडवून तळहातावर घेतलं. त्यांच्या त्या पंजात ते दिसेनासं झालं. "एवढ्याचं काय करायचं," ते स्वतःशीच म्हणाले, पिलू बांधावर ठेवलं आणि कुत्र्यांना शीळ घालून निघून गेले. मामाने बांधाची माती उकरून ते पुरलं. मी काही बोलायला तोंड उघडलं, तर त्याने माझ्याकडे पाठ केली.

दुपारी त्याने बारा ओळी उपटायला घेतल्या. मीही न सांगता शेजारची ओळ धरली.

"पंधरा दिवस ठेवणार होतास ना?" मी शेवटी विचारलं.

"आता ठिवून काय? साऱ्या तालुक्याला म्हाईत झालं. पुन्यांदा आत येऊन बसली, तर पुन्यांदा कुत्री येतील."

संध्याकाळपर्यंत माझ्या हातांना फोड आले. मामी चहा घेऊन आली, माझे हात उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाली, "वाचला तुझा कागुद. झ्याक लिवलंयस. मोरीसुदिक बराबर मोजलीस."

पुढचा आठवडाभर मामा माझ्याशी कामापुरतं बोलला. मी रोज सकाळी उसाच्या कडेने फिरायचे. तिसऱ्या दिवशी तितरी ओरडली. कुठून, ते मला बरोबर कळलं. नंतर एकदा पिलंही दिसली. पाच.

बाजाराच्या दिवशी मामाबरोबर चहाच्या टपरीवर गेले, तर पैलवान तिथे बसलेले.

"काय ताई, त्या तितरीनं मंग घर कुटं क्येलं? लिवा की आनखी एक."

मामाचा कप तोंडाशीच थांबला.

मला खोटं बोलायची सवय नाही. आमच्या घरात खोटं सरकार बोलायचं. त्यामुळे नुसतं ‘माहीत नाही’ म्हणून गप्प बसावं, हे मला सुचलं नाही. इथेही तपशील द्यावासा वाटला.

"ती इथून गेली," मी म्हणाले. "पिलांना घेऊन. तिकडे, वांबोरीकडे."

"वांबोरी?" पैलवान म्हणाले. "यष्टीनं ग्येली व्हय?"

सगळी टपरी हसली. माझे कान तापले, पण मी माघार घेतली नाही. वांबोरीच, मी म्हणाले. मी स्वतः बघितलं.

मामाने माझा कप माझ्याकडे सरकवला.

"पी," तो म्हणाला. "गार हुईल."