काकांचे आजोबा

जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांशी जास्त घसट असलेला माणूस अख्ख्या पनवेलात मी एकच पाहिला. ते म्हणजे आमचे शेजारचे काका. काका बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. पिढ्यानपिढ्या कोकणातले, मराठी माझ्यापेक्षा चोख, शनिवारी मात्र धर्माप्रमाणे कुठल्याही कामाला हात लावणार नाहीत. एकोणीसशे नव्वदच्या आसपास मी त्यांच्या शेजारी राहायला गेलो, तेव्हा सामान टेम्पोतच होतं आणि काका दारात उभे. "पणजोबांचं नाव काय हो तुमच्या?" मला ठाऊक नव्हतं. "कमाल आहे! आणि बँकेत आहात म्हणे!" हे त्यांनी अशा सुरात सुनावलं, की मी तिजोरी उघडी टाकून आलोय की काय असं टेम्पोवाल्याला वाटावं. पुढे आठवडाभर ते मला पाहिलं की नुसते चुकचुकायचे.

कुणाकडे चहाला गेले तर काकांचं लक्ष कपाकडे नसे, भिंतीकडे असे. जुना फोटो दिसला की खुर्ची ओढायची, फोटो उतरवायचा आणि मागचे खिळे उचकटून तारीख शोधायची. एकदा एका लग्नघरी त्यांनी भिंतीवरचे हार घातलेले आजेसासरे उतरवले आणि परत टांगायचं विसरून फळीवर पालथे घातले. वरमाईला भोवळ आली! काका मात्र खुशीत. "स्टुडिओचा शिक्का सापडला!"

रविवारी सकाळी त्यांची स्वारी कबरस्तानात. बादली, काथ्याचा ब्रश आणि डब्यात तांदळाचं पीठ. झिजलेल्या दगडावर पीठ चोळलं की खोदलेली अक्षरं पांढरी उठतात, ही त्यांची युक्ती. काकू करवादायच्या, "घरात भाकरीला पीठ नाही, आणि हे निघाले दगडांना पावडर लावायला!" त्यांची बहुतेक माणसं इस्रायलला निघून गेलेली. तिकडून कुणी विचारलं, की काका त्या माणसाच्या पूर्वजांची कबर हुडकून द्यायचे. पण खरा जीव आपल्या आजोबांवर. त्यांची कबर घासूनपुसून झाली, की शेजारी बसून आठवड्याची खबर द्यायचे. नळाला पाणी नाही, गॅस संपला, शेजारचा बँकवाला बरा आहे पण आळशी आहे. कुंपणाशी शेळ्या चारणारी म्हातारी एकदा मला म्हणाली, "इतकी आंगोल तर आमी देवाला बी नाय घालत!"

काकांचा मुलगाही तिकडेच. नात झाली, तीन वर्षांची झाली, तिचा फक्त फोटो आला. मुलगा बोलावून थकला. काकूंच्या ट्रंका भरलेल्या. काकांचा मात्र एकच हेका. "मी गेलो तर आजोबांना कोण बघणार?" त्यावर काकू नातीचा फोटो पदराने पुसत बसत. मला काकांचा मनस्वी राग यायचा.

मग एके दिवशी तिकडून एक तरुण मुलगी आली, आपल्या खापरपणजोबांची कबर शोधत. नाव काकांच्या आजोबांचंच, गावही तेच. यांच्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे गावात त्याच नावाचे दोन-चार सहज निघत. पण मुलीने दगड नवा असतानाचा फोटो आणला होता. त्यात तळाशी आणखी एक ओळ होती आणि आमच्या दगडाचा तळ मातीत गेलेला. मी कुदळ आणली. माती निघाली, पीठ लागलं. 'पलटणीतले सुभेदार.' काकांनी ती ओळ बोटाने दोनदा गिरवली. "अहो, माझ्या आजोबांचा तेलाचा घाणा. त्यांनी बैलावर काठी उगारली नाही कधी!"

झालं! इतकी वर्षं कुणाचे कोण सुभेदार आमच्या नळाच्या तक्रारी ऐकत होते. मला हसू फुटणार होतं, पण काकांचा चेहरा बघून गिळलं. मुलगी दगडावर हात ठेवून रडत होती. मग डोळे पुसून तिने मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "तुम्ही एवढी वर्षं यांना बघितलं... तुम्ही आमचे कोण?" लोकांची सात-सात पिढ्यांची नाती तोंडपाठ असलेला हा माणूस पिठाच्या डब्याचं झाकण लावत राहिला. तिनेच मग त्यांचा हात धरला. "चला आजोबा, ऊन झालं."

तोंडावर कुणी आजोबा म्हणायची ती त्यांची पहिलीच वेळ. घरची पायरी चढताना ते काकूंना म्हणाले, "मुलाला फोन लाव."

निघायच्या दिवशी मी बॅगा रिक्षात चढवल्या. एवढे दिवस चिडलो होतो, आणि आता मलाच त्यांना सोडवेना. म्हटलं, "काका, खऱ्या आजोबांची कबर राहिलीच की शोधायची."

"राहू दे," काका म्हणाले. "भिंतीवरचा आजोबा मेल्यावर कुणालाही होता येतं हो. जरा जिवंतपणी होऊन बघतो."