मास्तरांचा पहिला नियम

तीस वर्षं मास्तरांनी गावाच्या तरणतलावावर पोहायला शिकवलं. निम्म्या गावाला त्यांनीच पाण्यात ढकललंय आणि तेवढ्यांच्याच शिव्याही खाल्ल्यात. गळ्यात शिट्टी, हातात लांब बांबू. पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून एकच नियम तीनदा वदवून घ्यायचे: "घाबरलो तर उताणा होईन, दुसऱ्याला धरणार नाही." कुणी धरलंच, तर आठ दिवस काठावर बसवायचे. दयामाया नाही!

निवृत्त झाल्यावर दोन बालमित्र, एक चष्म्याचं दुकान चालवणारा चष्मेवाला नि एक पोस्टमन, त्यांना शिडाच्या बोटीतून पाच दिवस बेटं हिंडायला घेऊन गेले. चष्मेवाल्याने तर पाण्याखाली बघायचा मास्क मास्तरांच्या नंबरच्या काचा घालून स्वतः बनवून आणला होता. "जन्मभर तलावाच्या फरश्या बघितल्यास, आता जरा मासे बघ, लेका!" हाच चष्मेवाला चाळिशीत मास्तरांकडे पोहायला शिकला होता, तोही रडत-भेकत.

पहिले दोन दिवस मास्तरांची जीभ कुठली थांबते! बोटवाल्याने तरंगायचं जाकीट पुढे केलं तर म्हणाले, "अहो, मला जाकीट? माशाला पोहायला शिकवता?" आणि खरं सांगायचं तर उथळ पाण्यात, प्रवाळावर, ते पोहलेही झकास. तोंडात श्वास घ्यायची नळी, खाली पिवळेधमक मासे. अगदी पोर झाले होते.

तिसऱ्या दिवशी पोहता पोहता प्रवाळ संपलं आणि खाली तळच दिसेना. नुसता गडद निळा खड्डा. मास्तरांनी पाणी पाहिलं होतं ते तळाशी काळ्या रेघा आखलेलं. ते वेडेवाकडे हातपाय मारायला लागले, नळीत पाणी शिरलं, आणि त्यांनी शेजारच्या चष्मेवाल्याला धरलं. नुसतं धरलं नाही हो, त्याच्या खांद्यावर पाय देऊन वर चढायला लागले! एकदा दोघंही खाली गेले, तेव्हा नंबरच्या काचांतून मित्राचे विस्फारलेले डोळे लख्ख दिसले. दिसले, तरी मास्तरांनी पाय काढला नाही.

चष्मेवाल्याने खोल बुडी मारून स्वतःला सोडवलं, लांब जाऊन उताणा झाला आणि खोकत तरंगत राहिला. मास्तर बोटवाल्याने फेकलेल्या रबरी कड्याला लोंबकळले.

पोस्टमन आत झोपला होता. तो धावत वर आला. "काय झालं रे?"

आणि इथेच मास्तरांनी माती खाल्ली. "याच्या पायात गोळा आला," ते म्हणाले, "मी धरलं म्हणून वाचला."

चष्मेवाल्याने त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. "हो. मास्तर होता म्हणून."

दुसऱ्या दिवशी बोटवाल्याने जाकीट पुढे ठेवलं. मास्तरांनी ते घातलं.

पोस्टमनच तो! गावी परतल्यावर आठ दिवसांत घरोघरी बातमी पोचती केली. वाटेत लोक हात मिळवायचे आणि मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चष्म्याच्या दुकानावरून जायचं टाळण्यासाठी ते लांबचा वळसा घ्यायला लागले.

निवृत्तीनंतरही मास्तर रोज सकाळी तलावावर असायचे; महिन्याने चष्मेवालाच नातीला घेऊन तिथे आला. "हिला शिकव, मास्तर. दुसऱ्या कुणाकडे मी पाठवणार नाही."

नात पायरीवर उभी राहिली. मास्तरांनी नियम सांगायला तोंड उघडलं. "घाबरलीस तर उताणी हो. दुसऱ्याला..." मग एकदाचं बोलून गेले, "दुसऱ्याला धरायचं नाही. मी धरलं होतं, बाळ. तुझ्या आजोबांना. त्यांना गोळाबिळा काही आला नव्हता. मीच त्यांना बुडवत होतो, आणि वर खोटं बोललो."

पोरीने विचारलं, "मग आजोबा वाचले कसे?"

"उताणे झाले."

"त्यांना कुणी शिकवलं?"

पाठीमागून चष्मेवाला म्हणाला, "यांनीच शिकवलं, बये. उतर आता पाण्यात."