केतकीचं स्थळ आणि माझी सावधगिरी

आमच्या केतकीला सांगून आलेलं एक चांगलं स्थळ मी सायबर गुन्हेगार म्हणून हाकलून दिलं.

हेतू वाईट नव्हता. ग्रामपंचायतीत ऑनलाइन फसवणुकीवर व्याख्यान झालं, आणि मी पहिल्या रांगेत वही घेऊन! (शाळेत जन्मभर हेडक्लार्की केलेल्या माणसाला वहीशिवाय ऐकूच येत नाही.) अनोळखी माणसाला जन्मतारीख सांगू नका, आईचं माहेरचं आडनाव सांगू नका, आलेलं काहीही उघडू नका. आठवडाभरात मी मालवणच्या मासळीबाजारापर्यंत सगळ्यांना शहाणं करून सोडलं.

आणि रविवारी फोन आला.

"नमस्कार. केतकीचे वडील ना? मुलीची जन्मतारीख मिळेल का?"

"कशाला?"

"बघून ठेवतो. जन्मवेळही सांगा. आणि तुमच्या मंडळींचं माहेर कुठलं? आडनाव काय त्यांचं?"

माझ्या अंगात वीरश्री संचारली. "माहेरचं आडनाव हवंय? मग ओटीपीही हवा असेल! लाज नाही वाटत? आवाजावरून तर चांगल्या घरातले वाटता!"

"अहो, मी इन्सुलीहून..."

"इन्सुलीला चेकपोस्ट आहे! तिथेच पकडून देतो!" असं ठणकावून मी नंबर ब्लॉक केला आणि कौतुकाच्या अपेक्षेने बायकोकडे पाहिलं.

तिने कपाळावर हात मारला. "अवो, काय केल्यात ह्यां! ते इन्सुलीचे परब! मीच तेंका तुमचो नंबर दिललो!"

केतकी सावंतवाडीला शाळेत शिकवते. परबांच्या मुलाचं तिथेच कॉम्प्युटरचं दुकान आहे, आणि एका लग्नात दोघांची ओळख झाली होती. हे मला तेव्हा कळलं. "बाबा," ती हळूच म्हणाली, "चार स्थळांना मी नाही म्हटलं. हा एकच आवडला होता."

बायकोने ब्लॉक काढून नंबर 'केतकीचे सासरे' या नावाने सेव्ह केला (तिचा आशावाद दांडगा!). मी सहा वेळा फोन लावला. परब उचलेनात.

चौथ्या दिवशी सकाळी अनोळखी नंबरावरून व्हॉट्सॲप आलं: 'शुभविवाह! आग्रहाचं निमंत्रण.' खाली एक फाइल. म्हणजे परबांनी मुलाचं दुसरीकडे ठरवलं! आता कसली वही आणि कसलं व्याख्यान! मी फाइल उघडली. 'परवानगी द्या' आलं, दिली. पुन्हा आलं, पुन्हा दिली. पत्रिका काही दिसेना.

अर्ध्या तासात शेजारचा बाबल दारात. "काय ओ, केतकीचां लगीन ठरवल्यात आणि आमका आमंत्रण मोबाईलवर?"

माझ्या फोनने तीच फाइल यादीतल्या दोनशे जणांना परस्पर पाठवली होती. त्यात 'केतकीचे सासरे'सुद्धा!

तेवढ्यात बायकोच्या फोनवर परबांचा नंबर झळकला. बोलत होता मुलगा. "काका, ते आमंत्रण नाही, फसवणूक आहे. तुमच्या फोनचं नेट आधी बंद करा. काकूंच्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा. मी निघालोच."

पैसे वाचले. संध्याकाळी बापलेक आले. मुलगा माझा फोन साफ करायला बसला, केतकी चहा देऊन तिथेच टेकली, आणि दहा मिनिटांचं काम दोन तास चाललं. मी परबांपुढे हात जोडले.

"ऱ्हवां दे ओ," ते हसले. "पोरांचां जमलां. आता जन्मवेळ कित्याक व्हयी?"

लग्न ठरलं! माझा जीव भांड्यात पडला. खरी पत्रिका तयार झाल्यावर मी ती मोठ्या हौसेने सगळ्यांना व्हॉट्सॲपवर धाडली. एकाही माणसाने ती उघडली नाही. निम्म्यांनी तर मला ब्लॉकच केलं होतं. शेवटी छापील पत्रिका घेऊन भर उन्हात दारोदार फिरलो. बाबलने ती हातातसुद्धा घेतली नाही. "थांबा," म्हणाला, "आधी केतकीक इचारतंय, लगीन खरांच आसा मा?" आणि माझ्यासमोर माझ्याच मुलीला फोन लावून त्याने माझ्याबद्दल खात्री करून घेतली.