कप्तानाचा आठवा कोट

गेली एकोणीस वर्षं कप्तानाचा निळा कोट एकच हात बेतत होता. सिनेमे सात झाले, दिग्दर्शक चार बदलले, पडद्यावरचं जहाज दोनदा बुडालं, पण कोट मास्तरांचाच. दुकान स्टुडिओच्या मागच्या गल्लीत. दोन मशिनी, एक लांब टेबल. गिऱ्हाईक आलं की मास्तर आधी चहा सांगत आणि मग विषय कुठलाही असो, तो कप्तानावर आणून सोडत.

"नेलंत का यांनाही जहाजावर?" बायको आतून म्हणे.

पण अभिमान फुकटचा नव्हता. कप्तानाचं काम करणाऱ्या साहेबांचा डावा खांदा अर्धा इंच खाली होता. तो पडद्यावर कधी दिसला नाही, कारण त्या बाजूला मास्तर पॅडची एक घडी जास्त घालत. ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. "कप्तान आहे तोवर मी आहे आणि मी आहे तोवर तुम्ही," असं साहेब एकदा म्हणाले होते. मास्तरांनी त्या शब्दावर दुसऱ्या स्टुडिओची दोन बोलावणी परतवली.

आठव्या सिनेमाची मापाची चिठ्ठी आली. वर नेहमीप्रमाणे पात्राचं नाव होतं, "कप्तान", बस. छाती अडतीस. मास्तर हसायलाच लागले.

"बेचाळीसची अडतीस झाली. साहेबांनी जेवण सोडलं, की टेप धरणाऱ्याने डोळे?"

"मग फोन करून विचारा की," बायको म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? ते अंग मी झोपेतही बेतीन. आणि मागच्या महिन्यात इथेच तर बसले होते तासभर."

बसले होते खरे. पँटची कंबर सैल करून घेतली, दोन कप चहा प्याले, गुडघ्याची तक्रार सांगितली. निघताना त्यांनी मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो जरा जास्तच वेळ तिथे राहिला.

मास्तरांनी चिठ्ठी बाजूला सारली आणि जुना कागदी नमुना अंथरून बेचाळीसचा कोट कापला.

ट्रायलच्या दिवशी ते कोट घेऊन कपडेपटात गेले, तर आरशासमोर एक अनोळखी तरुण उभा.

"साहेब यायचेत का अजून?" मास्तरांनी विचारलं.

कपडेपट सांभाळणाऱ्या ताईंनी दार लोटून घेतलं. "मास्तर, कप्तान आता हे आहेत."

तरुणाने कोट चढवला. खुंटीला अडकवल्यासारखा तो त्याच्या अंगावर लोंबला.

"मापाची चिठ्ठी पाठवली होती ना मी?" ताई म्हणाल्या.

"चिठ्ठी पाठवलीत. माणूस बदलला ते कुणी कळवलं?"

"नाव फुटू नये म्हणून चार महिन्यांपूर्वीच सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या."

"सगळ्यांच्या?"

ताई टाचण्यांची डबी आवरू लागल्या. "म्हणजे आतल्या लोकांच्या."

तरुणाने डावा खांदा चाचपला. "इथे काहीतरी जाड लागतंय. काय आहे?"

ताईंनीही वळून पाहिलं. उत्तर मास्तरांच्या जिभेवर आलं होतं. एका वाक्यात सगळी फिटंफाट झाली असती.

"माझी चूक," ते म्हणाले. "काढा तो कोट."

दुकानात आल्या आल्या त्यांनी साहेबांना फोन लावला.

"कळलं तर तुम्हाला," साहेब म्हणाले. "त्यांना तरुण चेहरा हवा होता. आणि आमच्या तोंडाला कुलूप घातलं होतं, मास्तर. कुणालाच सांगता येत नव्हतं."

"वहिनींना?"

"ती घरचीच."

"ड्रायव्हरला?"

"तो गाडीत सगळं ऐकतोच की."

"म्हणजे त्यालाही ठाऊक होतं."

"तुम्ही पडलात बोलके. गिऱ्हाइकासमोर एक शब्द निसटला असता तर?"

"तुमचा खांदा निसटला का कधी?"

पलीकडे खाकरल्याचा आवाज आला. "घरचे कपडे मी तुमच्याकडेच टाकणार हं."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच फोन आधी मास्तरांनी ठेवला. बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

"केसाने गळा कापला," ती म्हणाली.

"आणि मी मान वाकवून बसलो होतो, चहा पाजत."

सकाळी तो तरुण स्वतःच दुकानात आला. मास्तरांनी चहा सांगितला नाही, की जहाजाचा विषय काढला नाही. टेबलासमोरची जागा नुसती बोटाने दाखवली. तरुणाने हनुवटी वर उचलली, छाती काढली, एक पाय पुढे टाकला. हुबेहूब साहेब.

"रोज आरशासमोर करतोय," तो ओशाळून म्हणाला. "ते असेच उभे राहायचे ना?"

मास्तरांनी टेप हातात घेतला. पोराचा काय दोष होता?

"ते कसे राहायचे ते सोडा," ते म्हणाले. "तुम्ही घरी उभे राहता तसे राहा. सोंगाचं माप मला घेता येत नाही."

तरुणाने हळूच श्वास सोडला. त्याचे खांदे खाली आले, पोट थोडं पुढे आलं. मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढली आणि टेप त्याच्या पाठीमागून फिरवून आणला.